पांढरी चंद्रकळा

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की लोक आधी बिर्याणीचं विचारतात. खाल्ली, चांगली होती, विषय संपला. मला सांगायचंय ते माझ्या काकूच्या एका फोटोबद्दल, आणि त्यासाठी आधी माझ्या कॅमेऱ्याचं सांगायला हवं.

हा कॅमेरा जुना आहे आणि मी तो मुद्दाम बिघडवून घेतलेला आहे. आपल्या डोळ्यांना लाल रंगापर्यंतचाच उजेड दिसतो. त्याच्या पलीकडेही उजेड असतो, पुस्तकात त्याला अवरक्त म्हणतात. तो फोटोत शिरून घोळ घालू नये म्हणून कॅमेऱ्याच्या पोटात एक काच बसवलेली असते. पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी ती काढून घेतली आणि भिंगापुढे दुसरी काळीकुट्ट काच लावली, जिच्यातून फक्त हा पलीकडचा उजेड आत येतो. अंगाचा ताप दाखवणारा कॅमेरा वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. माझ्या कॅमेऱ्यात झाडं पांढरी होतात, आकाश काळं होतं आणि माणसं मेणाची दिसतात. साताऱ्यातल्या घरासमोरचा रोजचा कडुलिंब मी पहिल्यांदा त्यातून बघितला तेव्हा हातातला चहा गार झाला तरी मला पत्ता नव्हता. नवरा म्हणाला, लागलं हिला येड. लागलंच होतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रेल्वेच्या नोकरीसाठी तरुणपणी सिकंदराबादला गेले आणि तिकडचेच झाले. काकू हैदराबादच्या गौलीगुड्यात वाढलेली, तिथल्या जुन्या मराठी घरातली. दोघांना मूलबाळ नाही, चिक्कडपल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आहे. या जानेवारीत काकांची बायपास ठरली. मी मदतीला येते म्हटल्यावर काका फोनवर म्हणाले, ये, आणि तुझा तो भुताचा कॅमेरा घेऊन ये, नाहीतर घरातले सगळे नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसतील. घरातले सगळे म्हणजे काकू.

चिक्कडपल्ली

जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं असूनही काका मला घ्यायला सिकंदराबाद स्टेशनवर हजर होते. घरी पोचल्यावर काकूनं आधी मला जवळ घेतलं आणि मग त्यांना फैलावर घेतलं. काकूची मराठी ऐकत राहावी अशी आहे. ‘काय करायलीस’, ‘कुठं जायलीस’ हे मराठवाड्याकडचं, त्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ हे हैदराबादचं, आणि भाजीवाल्याशी बोलताना मधेच सगळी गाडी तेलुगूवर जाते. आमच्याकडे साताऱ्यात माणूस रागावला की आवाज चढतो. काकूचा आवाज रागावल्यावर खाली येतो, आणि तिथंच काकांची घाबरगुंडी उडते.

रात्री ज्वारीची भाकरी, खट्टी दाळ आणि आंबाडीची चटणी होती. डॉक्टरांनी तेल बंद केलंय म्हणून काकांच्या ताटात चटणीचा नुसता वास असतो, असं ते म्हणाले. ऑपरेशनची तारीख काकूनंच मागून घेतली होती. संक्रांत होऊ द्यायची, दुसऱ्या दिवशीची किंक्रांत म्हणजे करीचा दिवस, तोही जाऊ द्यायचा, आणि मग भरती. डॉक्टर म्हणाले होते, एवढं चालेल, याच्यापुढे एक दिवस ढकलू नका. हे काकूनं मला भांडी विसळता विसळता सांगितलं, पाठ माझ्याकडे ठेवून.

भोगी

सकाळी खाली रस्त्यावर तेलुगू मंडळींनी जुनी लाकडं, मोडक्या खुर्च्या पेटवून भोगीची शेकोटी केली होती. प्रत्येक दारात मोठ्ठी रांगोळी, तिला इकडे मुग्गू म्हणतात, आणि रांगोळीच्या मधोमध शेणाचे गोळे मांडून त्यांत झेंडूची फुलं खोचलेली. वर काकूकडे आपली भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एकाच जिन्यात दोन भोग्या नांदत होत्या.

दुपारी काका मला रिक्षानं मोठाले दगड दाखवायला घेऊन गेले. या शहरात दगडांची एक जुनी वस्तीच आहे म्हणा ना. घराएवढे गोल धोंडे एकावर एक बसलेले, कुणी ठेवले, कधी ठेवले, पडत कसे नाहीत, काही कळत नाही. आता त्यांच्या चहूबाजूंनी काचेच्या इमारती आल्यात. मी काच लावून बघितलं. आकाश काजळासारखं काळं, त्यावर एकच ढग, आणि धोंड्यांच्या फटीतून उगवलेली साधी झुडपं कापूस पिंजून ठेवावा तशी पांढरी. पलीकडे पाण्याचं डबकं होतं, ते शाईसारखं झालं होतं. आवाज तर सगळे नेहमीचेच होते, कुठं तरी ड्रिल चालू होतं, कुणीतरी फोनवर भांडत होतं. पण कॅमेऱ्यातल्या त्या गावात कधी कुणी मोठ्यानं बोललं नसेल असं वाटत होतं. मी चालत राहिले, आणि पायांखाली आपलीच जमीन आहे की नाही हे एकदोनदा खाली बघून तपासलं.

काका एका धोंड्याला टेकून दम घेत होते. मी त्यांना कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “मेल्यावर असंच दिसत असेल, नले. वाईट नाहीये.” मी त्यांना म्हटलं, काहीतरीच बोलू नका, चला चहा प्यायला. इराणी चहात उस्मानिया बिस्किट बुडवून खाताना त्यांनी मला बजावलं की काकूला यातलं काही कळता कामा नये. मला वाटलं, बिस्किटाबद्दल म्हणतायत.

संक्रांत

काकूकडे एक चंद्रकळा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं दिलेली, काळीभोर, बारीक लाल काठाची. वर्षभर ती ट्रंकेत असते आणि त्या एका दिवशी बाहेर येते. शेजारच्या पद्मागारू, म्हणजे आपल्या भाषेत पद्माबाई, तेलुगू आहेत. त्यांना इतक्या वर्षांतही हे पचलेलं नाही. सणाच्या दिवशी काळं नेसायचं म्हणजे काय, त्यांच्याकडे काळं कपाट उघडून बघतसुद्धा नाहीत. दरवर्षी त्या हेच म्हणतात आणि दरवर्षी काकू त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून सांगते, थंडीत काळं ऊब धरतं, तुम्हीपण एकदा नेसून बघा.

सकाळी गच्चीवर पतंगांची नुसती धमाल होती. काकांना जिना नको म्हणून सांगितलं होतं, तरी ते एकेका पायरीवर थांबत वर आलेच. काकू चंद्रकळा नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून उभी होती. तिच्यामागे शेजारच्या आवारातला पिंपळ गच्चीपर्यंत आला होता. मला पिंपळ पांढरा करायचा होता. मी म्हटलं, काकू, हलू नको, आणि बटण दाबलं.

खरं सांगते, माझ्या डोक्यात फक्त पिंपळ होता. कापडाला काळा रंग कशाचा दिलाय यावर पुढचं सगळं असतं. बऱ्याच रंगांना आपल्या ओळखीचा उजेड गिळता येतो, हा पलीकडचा गिळता येत नाही, तो ते परत फेकतात. आणि कुंकवाचा लाल तर त्या उजेडात नुसता उडूनच जातो. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक आहे.

पडद्यावर फोटो उमटला. पांढराशुभ्र पिंपळ, काळं आकाश, आणि मधोमध पांढऱ्या लुगड्यातली, कोऱ्या कपाळाची काकू. मी पडदा झाकायला हात नेला, पण ती माझ्या खांद्यामागेच होती.

तिचा हात कपाळाकडे गेला, कुंकू आहे ना हे बोटानं बघितलं, आणि ती खाली निघून गेली. काकांनी मला विचारलं, काय दाखवलंस तिला? मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंग कापल्याचा आरडाओरडा चालू होता आणि ते मान खाली घालून बघतच राहिले. मग कॅमेरा परत देऊन म्हणाले, “फोटो चांगला आलाय.” आणि कठडा धरून हळूहळू उतरायला लागले.

संध्याकाळच्या हळदीकुंकवाला काकूनं बायकांना वाण दिलं, पण स्वतः कुणाकडून कुंकू लावून घेतलं नाही. सगळ्या गेल्यावर काकांसमोर उभी राहून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “दवाखान्यात जायचं नक्को. माझी सही मिळणार नाही.”

माझं टाळकं सरकलं. मी तिला उजेडाचं सगळं पुराण सांगितलं, भिंगापुढची काळी काच काढून दाखवली, वर हेही सुनावलं की आता पांढरं लुगडं कोण कुणाला नेसवतंय, माझे वडील गेल्यावर आईच्या कपाळाला मीच टिकली लावली आणि शेवटपर्यंत ती रंगीत साड्या नेसली. काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, फोटो खोटा आहे का? मी म्हटलं, खोटा नाही, पण...

“मग झालं तर,” काकू म्हणाली. “आणि लुगड्याचं तू मला नको सांगू, नलू. तुझ्या आईला टिकली लावलीस, चांगलंच केलंस. पण मी बघितलंय तिला. टिकली लावून बसायची तरी एकटीच बसायची. त्या फोटोतली मी तशी एकटी होते बघ.”

काका म्हणाले, हिच्या मनाविरुद्ध मी कधी बाजारातसुद्धा गेलो नाही, आता छाती कापून घ्यायला कुठं जाऊ? म्हणाले हसत. डॉक्टरांनी एक दिवस ढकलू नका म्हटलं होतं आणि ते ढकलायला मी कारण पुरवलं होतं.

किंक्रांत

आपल्याकडे किंक्रांतीला शुभकार्य नाही. तेलुगू लोकांची त्याच दिवशी कनुमा असते, गुराढोरांचा सण, पण प्रवास त्यांनाही चालत नाही. पद्मागारू सकाळी डबाभर सकिनालू घेऊन आल्या, तांदळाच्या पिठाची ती गोल कुरकुरीत कडी, आणि म्हणाल्या, कनुमाला कावळासुद्धा गाव सोडत नाही. म्हणजे आम्ही तिघं दिवसभर घरात, काकू स्वयंपाकघरात आणि मधे ती न झालेली सही.

मी बोलणं सोडून दिलं. खिडकीतून ऊन येत होतं तिथे स्टूल मांडलं आणि काकांना त्यावर बसवून एक फोटो काढला. काका आयुष्यभर कलप लावत आलेत. लोकांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. फोटोत सगळा कलप उतरला. डोक्यावर पांढरंशुभ्र पीक, आणि खाली काकांचा तोच चेहरा. मी कॅमेरा तसाच नेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि बाहेर आले. थोड्या वेळानं आतून एक आवाज आला. आधी मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. पदर तोंडाला लावून हसत बाहेर आली आणि काकांना म्हणाली, तुमचं पितळ उघडं पडलंय.

मग तिनं स्वतःहून एकेक वस्तू आणायला सुरुवात केली. छत्री आणली, काळी छत्री फोटोत ताकासारखी आली. काकांचा नोकरीतला काळा कोट आणला, तो लग्नातल्या नवरदेवाचा असावा तसा उजळला. काचेच्या पेल्यात बिनदुधाचा काळा चहा ठेवला, तर फोटोत नुसतं पाणी आणि पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. चहा कुठं गेला म्हणून तिनं पेला उचलून घोटभर पिऊन बघितला. घरातल्या रोजच्या वस्तू, पण स्टुलावर ठेवल्या की प्रत्येकीची दुसरी बाजू बाहेर यायची, जशा काही त्या इतकी वर्षं गुपचूप दुसरंच काहीतरी होत्या. दुपार कशी सरली कळलं नाही. उन्हाची चौकट भिंतीवर चढली तसं मी स्टूल सरकवत गेले. मधेच काका स्टुलाशेजारच्या खुर्चीत झोपी गेले आणि आम्ही दोघी कुजबुजत फोटो काढत राहिलो.

शेवटी काकूनं भाकरीचा तवा आणला. मी बटण दाबलं. तवा काळाच होता.

तिनं तो पडदा कितीतरी वेळ बघितला. हा का नाही झाला पांढरा, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की त्यावर काजळी आहे, आणि काजळी दोन्ही उजेड गिळते, आपला आणि तो पलीकडचाही. म्हणजे काजळी तिथंही राहते का, तिनं विचारलं. हौ, मी म्हटलं, तिच्याच भाषेत. तिनं तवा उचलला आणि आत गेली. संध्याकाळी बघितलं तर ती दवाखान्याच्या पिशवीत काकांचे टॉवेल भरत होती. विचारायची माझी हिंमत झाली नाही. आपण हिला विज्ञान शिकवलं असं मला आत कुठंतरी वाटत होतं, तेही सांगून टाकते.

निघायची सकाळ

सकाळी तुपाच्या आणि किंचित जळकट वासानं जाग आली. देवापुढे निरांजनाची ज्योत होती आणि तिच्यावर तीन वाट्यांच्या आधारानं तांब्याची ताटली पालथी घातलेली. काकू जवळ पाटावर बसून होती. ज्योत शांत झाल्यावर तिनं ताटलीखालची काजळी बोटानं गोळा केली, तुपात कालवली आणि डबीत भरली. आमच्याकडे तान्ह्या बाळासाठी करतात तसंच, अगदी तस्सं. या घरात ते कधी करायची वेळ आली नव्हती.

आंघोळ करून तिनं रोजच्यासारखं कुंकू लावलं आणि कुंकवाच्या खाली काजळाचा एक ठळक ठिपका दिला. मग काकांना हाक मारली. लहान मुलाला तीट लावावी तशी त्यांच्या कपाळावर लावली. ते कुरकुरले, दवाखान्यातल्या पोरी हसतील म्हणाले. काकू म्हणाली, हसू द्या. आणि गच्चीवर न्यायचं नाही म्हणून आम्ही खिडकीतल्या उन्हातच उभे राहिलो. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि मला म्हणाली, “आता काढ, नलू. तुझ्या त्या कॅमेऱ्यात.”

मी काढला. काकांचे केस पांढरे, काकूचं गर्द निळं लुगडं पांढरं, दोघांचे चेहरे मेणाचे. कुंकू नव्हतं. पण दोघांच्या कपाळांवर एकेक काळा ठिपका होता, तव्यासारखा काळा, कुठंही न हललेला. काकूनं पडदा जवळ घेऊन तो आधी त्यांच्या कपाळावर बघितला, मग स्वतःच्या.

“हौ,” ती म्हणाली. “चला. रिक्षा बोलवा.” मी शिकवलेल्यातलं तिनं तिला लागेल तेवढं उचललं होतं. दवाखान्यात सही तिनंच केली.

आणि त्यानंतर

ऑपरेशन चाललं होतं तेव्हाचं मी लिहीत नाही. काकू बाकावर बसून होती, मी तिच्या शेजारी होते, आणि आम्ही पद्मागारूंचे सकिनालू खाल्ले एवढंच मला आठवतं. काका वाचले. अतिदक्षतेतून त्यांना खोलीत आणलं, आवाज खोल गेला होता, कलप उतरू लागला होता आणि चटणी कधी मिळेल हे विचारून झालं होतं.

मी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच होतो, काकू डबा आणायला घरी गेली होती. काका म्हणाले, कॅमेरा आणलायस ना, तो गच्चीवरचा फोटो दाखव. मी म्हटलं, कशाला आता, पुसून टाकते. नको, आधी दाखव म्हणाले. मी उशी वर केली, त्यांना टेकवून बसवलं आणि दाखवला. पांढरा पिंपळ, काळं आकाश, काकू.

“आपण गेल्यावर बायको कशी दिसेल, हे कुणाला बघायला मिळतं, नले?” ते हळूहळू, मधे थांबत बोलत होते. “मला मिळालं. मला भीती मरायची नव्हती गं. ते दगडांवरचं खरंच छान होतं, तिकडं जायला माझी ना नव्हती. पण गच्चीवर हा बघितला आणि म्हटलं, हिला असं उभं करायचं नाही. आत नेलं, तोंडावर ते भुलीचं लावलं, तेव्हा हाच डोळ्यांपुढं धरून ठेवला होता.”

मग त्यांनी मला विचारलं, पुसायचं बटण कुठलं. मी दाखवलं, त्यांनी दाबलं. मग फोटो पुढे सरकवत ते दोन ठिपक्यांच्या फोटोवर येऊन थांबले. तो ते बघत असतानाच काकू डबा घेऊन आली. तिनं पिशवी ठेवली, पदरानं कपाळ पुसलं, तरी ठिपका तिथं होताच, तो ती रोज लावत होती. काका पडद्यात डोकं घालून बसलेले बघून तिनं विचारलं, काय बघायलेत एवढं?

काकांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि मान वर केली.

“तुला,” ते म्हणाले.